दरीकडचा वरंबा

अकरा किलोमीटरच्या त्या जंगलरस्त्यावरचा एक खडा जरी जागचा हलला, तरी ओळंब्याचा पारा चढायचा. ओळंबा हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. गवंड्याच्या दोरीला टांगलेलं वजन जसं सरळ म्हणजे सरळच लोंबतं, तसा हा माणूस रस्ता सपाट करायचा ग्रेडर चालवतो, म्हणून खात्यातल्या कुणीतरी ते नाव ठेवलं. ते इतकं चिकटलं, की हजेरी घेणारा कारकूनही मान वर न करता "ओळंबा आले का?" असंच विचारायचा. आणि ओळंबा आलेला असायचाच. सगळ्यांच्या आधी, त्या लांब मानेच्या पिवळ्या यंत्राखाली उकिडवा बसून पात्याची धार बोटाने चाचपत.

त्याच्या रागाच्या कथा होत्या. एकदा नुकत्याच सपाट केलेल्या रस्त्यावर एका पाहुण्या अधिकाऱ्याच्या ड्रायव्हरने गाडी गर्रकन वळवली आणि चाकांचे व्रण उमटवले. ओळंब्याने ग्रेडर आडवा घातला, ड्रायव्हरला खाली उतरवलं आणि ते व्रण त्याच्याकडून हाताने बुजवून घेतले. अधिकारी गाडीतच बसून राहिला. त्याला वाटलं, इथला नियमच असा असेल.

पण नियम नसताना नियमासारखं चालणारं एक काम मात्र ओळंब्याने खरोखरच या रस्त्यावर रुजवलं होतं. रस्ता घासून झाला, की सुटी झालेली माती पात्याने दरीच्या बाजूला ओढायची आणि कडेला ढोपरभर उंचीचा एकसारखा वरंबा घालायचा. कुठल्याही पुस्तकात हे लिहिलेलं नव्हतं. नवीन चालक आला, की ओळंबा त्याला वरंब्याशेजारी एक गुडघा टेकायला लावायचा. वरंबा दुसऱ्या, उभ्या गुडघ्याच्या खाली राहिला, तर पुन्हा पहिल्यापासून. पाच चालक त्याने असे घडवले होते. पाचांच्याही पँटी गुडघ्यावर विरलेल्या.

या वरंब्याच्या मुळाशी एक मरण होतं. एकतीस वर्षांपूर्वी त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे त्याचे भावोजी, सातव्या वळणावरून जीपसकट दरीत गेले. ताई तेव्हा एकोणतीस वर्षांची, तो सत्तावीसचा. घरात रडारड चालली होती आणि हा मात्र दगडासारखा कोरडा. दुसऱ्या दिवशी उजाडताच तो ग्रेडर घेऊन सातव्या वळणावर गेला आणि दिवसभर कडेला माती ओढत राहिला. मग सहाव्या वळणावर. मग आठव्या. महिनाभराने अकरा किलोमीटरची दरीकडची कड त्याने बांधून काढली होती. ताईने तिचं घर सोडलं नाही. सातव्या वळणाच्या बरोबर खाली, ओहोळाच्या काठी ते होतं, आणि तिथेच बसून ती गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवू लागली. वर भावाने वरंबा घातलाय, खाली बहीण शिवणकाम करतेय. ओळंब्याच्या मनात या दोन गोष्टी एकाच दोऱ्याने शिवल्या गेल्या होत्या.

या वर्षी उन्हाळ्यात जंगल पेटलं. नऊ दिवस जळत होतं. आग विझली तेव्हा रस्त्याच्या वरचा सगळा डोंगर काळा ठिक्कर पडला होता. पाचोळा नाही, झुडूप नाही. नुसती जळक्या काड्यांची उभी रांग. रस्ता मात्र तसाच होता. वरंबाही.

आणि मग त्या मॅडम आल्या.

त्या नव्या ओव्हरसियर. वय असेल पस्तीस, पायात पुरुषी बूट, आवाज बारीक पण वाक्यं पुरी. आल्या आल्या त्यांनी माणसं लावून रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या मोऱ्या उपसायला घेतल्या. मोऱ्यांचे पाइप जळक्या ओंडक्यांनी आणि राखेने गच्च भरले होते. तीन ठिकाणचे पाइप तर त्यांनी काढूनच टाकले आणि तिथे रस्त्यालाच खोलगट उतार दिला. पाइप तुंबतो, उघडा खोलगट भाग तुंबत नाही, असं त्यांचं म्हणणं. ओळंब्याला तेही खटकलं होतं, पण मोऱ्या हे गवंड्यांचं खातं. तो गप्प बसला. मग एका सकाळी मॅडम चौथ्या वळणावर त्याच्या ग्रेडरसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"काका, हा कडेचा बांध काढायचा."

ओळंब्याने इंजिन बंद केलं. त्याला वाटलं, आवाजात नीट ऐकू आलं नाही.

"कुठला बांध?"

"हाच, दरीकडचा. खालपासून वरपर्यंत सगळा. रस्त्याला दरीकडे कल द्यायचा, म्हणजे पाणी जिथल्या तिथे, पातळ होऊन निघून जाईल. आत्ता ते या बांधामुळे रस्त्यावरच अडकणार."

"मॅडम, एकतीस वर्षं अडकलं नाही."

"एकतीस वर्षं वर जंगल होतं." त्यांनी पाण्याची बाटली काढली, बुटाने दोन बोटं राख बाजूला सारली आणि खालच्या मातीवर पाणी ओतलं. पाणी मुरलं नाही. मेणकापडावर पडावं तसे त्याचे गोल थेंब झाले, लुकलुकले आणि उताराने घरंगळत रस्त्यावर आले. "बघा. जळलेल्या पाल्याचं मेण आत जाऊन बसलंय. वर्ष-दोन वर्षं तरी ही जमीन पाणी पिणार नाही. जेवढं पडेल तेवढं सगळं रस्त्यावर."

"पालथ्या घड्यावर पाणी," ओळंबा म्हणाला. "जमिनीचं नाही म्हणत मी, तुमच्याशी बोलण्याचं म्हणतोय. ही कड काढली आणि उद्या एखादी गाडी दरीत गेली, तर चालवणाऱ्याच्या बायकोला तुमची ती बाटली दाखवू का?"

मॅडम चिडल्या नाहीत. ओळंब्याला ते फार झोंबलं. भांडणारा माणूस त्याला समजायचा. न भांडणाऱ्याचं काय करायचं, हे त्याला कधीच कळलं नव्हतं.

"गाड्यांसाठी कडेने पांढरे खांब लावू," त्या म्हणाल्या. "दोन खांबांमधून पाणी जातं. मागणी पाठवली आहे."

"मग आधी खांब आणा," ओळंबा म्हणाला, "आणि मग माझ्याशी बोला." आणि त्याने इंजिन अशा आवाजात सुरू केलं, की पुढचं काही ऐकू येण्याचा प्रश्नच उरला नाही.

मॅडमनी आणखी तीनदा सांगून पाहिलं. एकदा कार्यालयात, एकदा डेपोत, एकदा चहाच्या टपरीवर. तिन्ही वेळा ओळंब्याने एकच विचारलं, "खांब आले?" खांब आले नव्हते. खांब कुठल्याशा भांडारात होते, आणि भांडारपालाला मागणी मिळाली होती पण मागणीची प्रत मिळाली नव्हती. ओळंब्याला आयुष्यात पहिल्यांदाच भांडारपालाबद्दल माया वाटली.

एवढ्यावर थांबता तर तो ओळंबा कसला? एका रविवारी त्याने बायकोकडून कोरा कागद मागून घेतला आणि जेवणाच्या टेबलावर ठाण मांडून मोठ्या साहेबांना अर्ज लिहिला. शेजारी भाजी निवडणारी बायको मध्येच म्हणाली, "एवढं दाबून लिहू नका, टेबलावर उमटतंय." अर्जात त्याने लिहिलं, की नवख्या ओव्हरसियर अनुभवी चालकांच्या आणि प्रवाशांच्या जिवाशी खेळत आहेत, तरी खांब बसल्याखेरीज दरीकडच्या वरंब्यास कोणीही हात लावू नये, असा लेखी हुकूम व्हावा. खाली पाचही चालकांच्या सह्या घेतल्या.

मोठ्या साहेबांना सही करायला आवडायचं, विशेषतः ज्या कागदाने काहीच करावं लागणार नाही अशा कागदावर. चौथ्या दिवशी हुकूम आला. शब्द न् शब्द ओळंब्याच्या अर्जातला.

तो हुकूम खिशात घालून ओळंबा ताईकडे गेला. ताई शिवणयंत्रावर बसली होती, मांडीवर लाल रेक्झीनचा मोठा तुकडा.

"जिंकलो," तो म्हणाला.

"कुणाशी?"

"आहे एक. भावोजींचा वरंबा काढायला निघाली होती."

ताईने पायाखालची पट्टी थांबवली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग सुई तपासल्यासारखं केलं आणि पुन्हा पट्टी दाबली. "बस. चहा ठेवते," एवढंच ती म्हणाली. ओळंब्याला वाटलं, गहिवरली.

आठवडा गेला. एका दुपारी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, पाऊस आला. सर म्हणण्याएवढासुद्धा नाही, दहा मिनिटं. मातीचा तो नेहमीचा वास आला नाही. विझवलेल्या चुलीचा वास आला.

ओळंबा तेव्हा सातव्या वळणावरच होता. आधी त्याला वरून खसखस असा आवाज ऐकू आला, मग डोंगर गळू लागला. जागोजागी, प्रत्येक जळक्या खोडाच्या बुंध्याशी, काळं पाणी. ते रस्त्यावर उतरलं आणि दरीकडे निघालं. वरंब्याला येऊन आपटलं. जायला वाट नाही म्हटल्यावर ते वळलं आणि वरंब्याच्या आतल्या अंगाने रस्त्यानेच खाली धावू लागलं. आठव्या वळणाचं पाणी सातव्याला येऊन मिळालं, नवव्याचं आठव्याला. घोट्याएवढं झालं. राख, कोळसे, गोटे घेऊन ते आंबिलीसारखं दाट पाणी ओळंब्याच्या सुरेख, सरळ, ढोपरभर वरंब्याच्या आधाराने एखाद्या बांधीव कालव्यातून यावं तसं आलं आणि वळणावर, जिथे वरंबा थोडा खचला होता, तिथे सगळं एकदम फुटलं.

त्याने पातं टाकून ते भगदाड बुजवलं. पाणी चार हात पुढे जाऊन फुटलं. तेही बुजवलं. मग आणखी पुढे. दहा मिनिटांनी पाऊस थांबला तेव्हा कडेला कमरेएवढी घळ पडली होती आणि तिचं तोंड बरोबर खाली, ओहोळाच्या दिशेने होतं. ओळंबा धावत उतरला. ताईच्या मागच्या भिंतीवर राखेची ओली रेघ उमटली होती, विटेच्या तिसऱ्या थरापर्यंत. नुसत्या दहा मिनिटांच्या पावसाने.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणावर, ते त्यालाही ठरवता येईना. तसाच चिखलाच्या पायांनी तो मॅडमच्या खोलीत घुसला आणि ओरडला, "तुम्ही मला धरून का नाही सांगितलंत?"

मॅडमनी जमिनीवर पसरलेल्या नकाशावरून मान वर केली. "चार वेळा सांगितलं."

"चार वेळा सांगून माझ्यासारख्याला कळतं का? थोबाडीत द्यायची होती!"

"काका, खुर्चीवर बसा. पायाखाली नकाशा आलाय."

"बसत नाही. आत्ता वरंबा काढायला घेतो."

मॅडमनी खण उघडला आणि एक कागद पुढे सरकवला. मोठ्या साहेबांचा हुकूम. वरंब्यास कोणीही हात लावू नये. "परवापासून दोन दिवस मोठा पाऊस आहे," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज थोडा चढला. "मी सकाळपासून साहेबांना हुकूम मागे घ्या म्हणतेय. ते म्हणतात, पाच अनुभवी चालकांच्या सह्या आहेत, बैठक घ्यावी लागेल. बैठक सोमवारी."

ओळंब्याने तो कागद वाचला. एकेक शब्द त्याच्या ओळखीचा. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणारे बरेच असतात. पण धोंडा तासून, घासून, वर सह्या घेऊन पाडणारा हा एकटाच.

तो ताईकडे परतला. ती मागच्या दारात वाळूच्या जागी जुन्या गाद्यांचा कापूस भरलेल्या पिशव्या रचत होती.

"सामान बांध," तो म्हणाला. "माझ्याकडे चल. परवा मोठा पाऊस आहे."

"यंत्र कोण उचलेल? आपला बाप? गिऱ्हाइकांची अकरा कव्हरं अर्धी पडलीत. मी कुठे जात नाही."

"ताई, वर सगळं पाणी तुझ्या डोक्यावर येऊन थांबलंय!"

"मग सोड की त्याला. अडवलंयस कुणी? तूच ना?"

"मला काय हौस होती? भावोजी तिथून..." त्याने वर वळणाकडे हात केला. "तुझ्यासाठी घातला तो वरंबा. तुझ्यासाठी!"

ताईने हातातली पिशवी खाली आपटली. साठीची बाई, पण आवाज असा लागला की ओहोळापलीकडचं कुत्रं उठून उभं राहिलं. "मी मागितला होता का रे? मी? कधी? शहाण्या, त्या वळणावर तेव्हा दगडी कठडा होता. दगडी! गाडीचे ब्रेक गेले होते आणि तो कठडा फोडून गाडी गेली. तुझी ढोपरभर माती काय थांबवणार होती? एकतीस वर्षं मला हे माहीत आहे, आणि तुलाही माहीत आहे."

"मग एकतीस वर्षं गप्प का बसलीस?"

"तुला रडता येत नव्हतं म्हणून. म्हटलं, ओढू दे माती. कुणाचं काय जातंय?" ती धापा टाकत होती. "आता जातंय. माझं घर जातंय. माझ्यासाठी घातलास ना? मग माझ्यासाठी काढ. आणि उद्या काढ, सोमवारी नाही."

दुसऱ्या दिवशी उजाडताच ओळंब्याने हुकूम मोडला.

वरून सुरुवात केली असती तर सातव्या वळणापर्यंत पोचायला दोन दिवस लागले असते, म्हणून त्याने सातवं वळण धरलं आणि तिथून चढत जायचं ठरवलं. वरंबा काढणं हे घालण्याहून अवघड. माती दरीत लोटून दिली, की काम तासाभराचं. पण ती माती उद्या पावसाबरोबर ताईच्याच अंगणात उतरणार. म्हणून ती आत ओढायची, रस्त्याच्या अंगावर पसरायची, डोंगराची बाजू उंच आणि दरीची बाजू नीच करत जायची. एकाच टापूवर चार-चार फेऱ्या. उजव्या बाजूची दोन चाकं सताड उघड्या कडेवर. एकतीस वर्षांत त्याने त्या कडेवरून कधी खाली पाहिलं नव्हतं. आता प्रत्येक फेरीला खाली ताईचं छप्पर दिसायचं.

पाच चालकांपैकी चार जण डेपोच्या फाटकाशीच उभे राहिले. "उस्ताद, तुम्हीच गुडघा टेकायला लावला आम्हाला," त्यातला एक म्हणाला. "आता म्हणता काढा. उद्या परत घाला म्हणाल."

"अरे, मी चुकलो!"

"तेव्हाही इतक्याच जोरात ओरडत होतात."

पाचवा, ज्याला सगळे शिट्टी म्हणायचे कारण तो दातांच्या फटीतून सतत शीळ घालायचा, दुसरा ग्रेडर घेऊन मागोमाग आला. भीतीने आज शीळही येत नव्हती.

दहाच्या सुमाराला मॅडम चढ चढून आल्या. पाठीवर जळक्या काठ्यांची मोळी, आणि मागे हातात रेक्झीनच्या लाल-पांढऱ्या पट्ट्या घेतलेली ताई.

ओळंब्याने खिडकीतून डोकं काढलं. "मॅडम, हुकूम आहे. थांबवा मला."

"मी इथे नाहीच आहे," मॅडम म्हणाल्या. "मी आज रजेवर आहे."

"मग काठ्या कशाला?"

"रजेत छंद जोपासावा माणसाने."

ताईने पट्ट्या काठ्यांना गाठी मारून बांधल्या आणि मॅडमनी दहा-दहा पावलांवर कडेला त्या ठोकत नेल्या. झुळूक आली की रेक्झीन फडफडायचं. खांब आले नव्हते ते नव्हतेच. पण गाडीवाल्याला कड कुठे संपते, ते आता कोसावरून दिसलं असतं.

दुपारी मोठ्या साहेबांची गाडी आली. साहेब उतरले ते हातात कागद घेऊनच. त्यांना बूट मळलेले आवडत नसत, म्हणून ते रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. ओळंब्याने नाइलाजाने ग्रेडर थांबवला.

"हे अक्षर कुणाचं?" साहेबांनी अर्ज फडकवला.

"माझं."

"'वरंब्यास कोणीही हात लावू नये.' कुणी लिहिलं?"

"एका गाढवाने लिहिलं, साहेब. आणि दुसऱ्याने सही केली."

शिट्टीच्या तोंडून आपोआप शीळ निसटली. साहेबांचा चेहरा तांबूस झाला. "खाली उतरा. आत्ताच्या आत्ता तुम्ही निलंबित आहात. चावी द्या."

ओळंबा खरोखरच खाली उतरला. साहेबांच्या इतक्या जवळ गेला, की त्यांना एक पाऊल मागे सरावं लागलं, चिखलात. "चावी देतो," तो दबक्या आवाजात म्हणाला, आणि त्याला ओळखणाऱ्यांना तो आवाज ओरडण्याहून वाईट वाटला. "संध्याकाळी देतो. त्या छपराखाली माझी बहीण राहते. काल दहा मिनिटं पाऊस पडला, तर पाणी भिंतीवर तीन विटा चढलं. उद्यापासून दोन दिवस पडणार आहे. तुम्ही सोमवारी बैठक घ्या, माझी नोकरी घ्या, पेन्शन घ्या. पण आज दिवस मावळेपर्यंत या रस्त्यात जो उभा राहील, त्याच्या अंगावरून पातं जाईल. तुमच्या अंगावरूनही. मी सरळ चालवतो, सगळ्यांना माहीत आहे."

साहेब गाडीत जाऊन बसले. तिथून त्यांनी कुणाकुणाला फोन लावले, पण त्या वळणावर फोन लागत नसे. मग ते गेले.

दिवस मावळेपर्यंत सातव्यापासून दहाव्या वळणापर्यंतची कड मोकळी झाली. दहाव्याच्या वरचे दीड किलोमीटर राहिले. ओळंब्याने चावी मॅडमच्या हातात ठेवली आणि ताईच्या घरी जाऊन भिंतीला पाठ लावून बसला.

सकाळी पाऊस आला आणि दिवसभर राहिला. बहीण-भाऊ मागच्या खिडकीशी उभे होते. वरच्या कडेवरून पाणी येताना दिसत होतं. एका धारेने नाही, तर सगळ्या लांबीभर, पातळ, ओल्या धोतरासारखं पसरून. ओहोळ चढला, गढूळला, अंगणात शिरला, ताईच्या मशीनच्या पायापर्यंत काळं पाणी आलं. तिने मशीन पलंगावर उचलून घ्यायला लावलं आणि झाडूने पाणी पुढच्या दाराने लोटत राहिली. दुपारी वरून, लांबून, धडाड असा आवाज आला. ओळंबा उठून उभा राहिला.

"दहाव्याच्या वर," तो म्हणाला. "राहिलेला."

"तिकडे कुणाचं घर आहे?"

"कुणाचंच नाही."

"मग बस. झाडू घे."

पाऊस थांबल्यावर, तिसऱ्या दिवशी सकाळी, सगळे दहाव्या वळणाच्या वर जमले. जिथे वरंबा तसाच राहिला होता, तिथे पाण्याने रस्ता पंधरा पावलं रुंद कापून दरीत नेला होता. आत दोन ग्रेडर मावले असते. फाटकाशी थांबलेले चौघे त्या खड्ड्याकडे बघत उभे होते. साहेब, मॅडम आणि नोंदवही.

"लिहा," साहेब म्हणाले, "अतिवृष्टीमुळे रस्ता वाहून गेला."

मॅडमचं पेन वहीवर टेकलं, पण चाललं नाही.

"अतिवृष्टी लिहू नका," ओळंबा म्हणाला.

"तुम्ही निलंबित आहात. तुम्ही इथे नाहीच आहात."

"मी नाही, पण खड्डा आहे ना?" आता त्याचा आवाज सुटला. एकतीस वर्षं दाबून धरलेलं सगळं त्यात होतं, आणि समोरच्या जळक्या डोंगरावर आदळून ते परत येत होतं. "पाऊस खाली पण तेवढाच पडला! नववं वळण बघा, आठवं बघा, एक खडा हलला नाही! पावसाने नेलं म्हणालात, तर पुढच्या वर्षी ही पोरं पुन्हा कडेला माती ओढणार. यांना दुसरं येतच नाही. मी येऊ दिलं नाही. वरंब्यामुळे गेला, असं लिहा. कुणी घातला, तेही लिहा. माझं नाव घाला."

"तसं लिहिलं तर तो राहिला कुणाच्या हुकुमाने, हेही येईल," साहेब हळूच म्हणाले.

"येऊ द्या की! एका ओळीत दोन गाढवं मावतात."

साहेबांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी पाहिलं नाही. त्या लिहीत होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी वही साहेबांपुढे धरली. साहेबांनी घड्याळ बघितलं, बुटांकडे बघितलं आणि सही न करता गाडीकडे निघाले. मॅडमनी साहेबांच्या रकान्यात नुसती तारीख घातली आणि वही ओळंब्याकडे दिली. त्याने इतक्या जोरात दाबून सही केली, की कागद फाटला.

मग तो चौघांकडे वळला. "बघताय काय तोंडाकडे? जा, यंत्रं आणा. सहाव्यापासून खाली सगळी कड अजून बांधलेलीच आहे, या खेपेला नशिबाने टिकली, आणि परत पाऊस येणार आहे."

"पण उस्ताद, तुमची चावी तर..."

"मला पाय दिलेत ना देवाने?"

दुपारी सहाव्या वळणावर चार पिवळी यंत्रं एकामागे एक लागली होती. सगळ्यात पुढे, पात्यापासून पाच हातांवर, अठ्ठावन्न वर्षांचा एक निलंबित माणूस उलटा चालत होता, दरीकडे तळहात कलता धरून, घसा फोडून ओरडत: "आणखी नीच कर! आणखी! कड मोकळी सोड, गाढवा, मोकळी!"